‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’: अँथ्रॅक्सच्या उपेक्षित पर्वाची पाठराखण

न्यू यॉर्कच्या अँथ्रॅक्स या थ्रॅश मेटल बँडचा ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’ हा सहावा स्टुडिओ अल्बम मे १९९३ मध्ये इलेक्ट्रा रेकॉर्ड्सने बाजारात आणला. बिलबोर्डच्या मुख्य यादीत तो सातव्या क्रमांकावर गेला. त्याआधी बँडचा कुठलाही अल्बम इतका वर पोचला नव्हता, आणि तेवीस वर्षांनी आलेला ‘फॉर ऑल किंग्ज’ही नवव्या क्रमांकावरच थांबला. अमेरिकेत पाच लाख प्रतींसाठी दिली जाणारी ‘गोल्ड’ ही मान्यताही ‘व्हाइट नॉइज’ला मिळाली. तरीही अँथ्रॅक्सचा इतिहास सांगताना हा अल्बम आणि त्यामागून आलेले तीन अल्बम बहुतेक वेळा दोन ओळींत उरकले जातात. कारण त्यांवरचा आवाज जोई बेलाडोनाचा नाही, जॉन बुशचा आहे. मेटल ऐकणारे अमेरिकन श्रोते या काळाला ‘बुश एरा’ म्हणतात. त्याची बाजू घेऊन हिरिरीने भांडणारा चाहतावर्ग आजही टिकून आहे. त्या भांडणात कोणाचे किती खरे, हे ठरवायचे तर बँडमध्ये कोण कधी आले, कोण का गेले आणि गाणी नेमकी कोण रचत होते, हे आधी पाहावे लागते.

अँथ्रॅक्सची सुरुवात १९८१ मध्ये न्यू यॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात झाली. गिटारवादक स्कॉट इयन आणि बेस वाजवणारा डॅन लिल्कर हे दोघे संस्थापक. १९८३ मध्ये ब्रॉन्क्सचा ड्रमवादक चार्ली बेनान्टे आणि मुख्य गिटारसाठी डॅन स्पिट्झ येऊन मिळाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाहून मेटालिका हा तेव्हा कोणालाच फारसा ठाऊक नसलेला बँड पूर्व किनाऱ्यावर आला आणि क्वीन्समधल्या ज्या ‘म्युझिक बिल्डिंग’मध्ये अँथ्रॅक्सची तालीम चालायची तिथेच मुक्कामाला राहिला. त्या पोरांकडे अन्न गरम करायलाही काही नव्हते. अँथ्रॅक्सवाल्यांनी त्यांना एक फ्रिज आणि एक टोस्टर ओव्हन आणून दिला. दोन्ही बँडना आसरा देणारे जॉनी आणि मार्शा झॅझुला हे न्यू जर्सीतले दांपत्य. बाजारातल्या रेकॉर्डच्या छोट्या दुकानातून त्यांनी मेगाफोर्स ही कंपनी उभी केली होती. अँथ्रॅक्सचा पहिला अल्बम ‘फिस्टफुल ऑफ मेटल’ १९८४ मध्ये याच कंपनीने काढला.

त्या पहिल्या अल्बमवर गायला होता नील टर्बिन. अल्बम निघाल्यानंतर काही महिन्यांतच लिल्करला काढण्यात आले आणि त्याच्या जागी बेनान्टेचा भाचा फ्रँक बेलो बेस वाजवू लागला. १९८४ संपण्याआधी टर्बिनलाही निरोप मिळाला. मॅट फॅलन नावाचा गायक थोडे दिवस येऊन गेला. मग न्यू यॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ऑस्वेगो गावचा जोई बेलाडोना आला. त्याला थ्रॅशची फारशी ओळख नव्हती. सत्तरच्या दशकातल्या गोड, उंच पट्टीच्या रॉक गायकीवर त्याचा गळा तयार झाला होता. म्हणजे ज्याला पुढे ‘मूळ गायक’ म्हणून डोक्यावर घेतले गेले, तो स्वतःच दुसऱ्या अल्बमपासूनचा, बदली म्हणून आलेला माणूस. बुशचे चाहते हा मुद्दा सर्वांत आधी काढतात, आणि तो खोडून काढणे अवघड आहे.

बेलाडोनाच्या काळात बँडला नाव मिळाले याविषयी दुमत नाही. ‘स्प्रेडिंग द डिसीज’ (१९८५) आणि एडी क्रेमरने ध्वनिमुद्रित केलेला ‘अमंग द लिव्हिंग’ (१९८७) हे थ्रॅशचे पायाचे दगड मानले जातात. स्टीफन किंगच्या कादंबऱ्या, जज ड्रेड हे कॉमिक, स्केटबोर्ड आणि गुडघ्यापर्यंतच्या रंगीत चड्ड्या या सगळ्यांनी मिळून अँथ्रॅक्सची एक खेळकर प्रतिमा तयार झाली. मेटालिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स यांना ‘बिग फोर’ म्हणण्याची पद्धत पडली, आणि चौघांत अँथ्रॅक्स हा हसरा बँड ठरला. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ या प्रतिमेत आहे.

कारण प्रतिमा बदलायला बुश येण्याआधीच सुरुवात झाली होती. जानेवारी १९९० मध्ये यॉन्कर्समधल्या तालमीच्या जागेला आग लागली आणि बँडची बरीच साधने जळाली. त्याच वर्षी आलेल्या ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’वर विनोद जवळजवळ नाही. गाणी लांब, लय आवरलेली, सूर काळवंडलेला. १९९१ मध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटाबरोबर ‘ब्रिंग द नॉइज’ हे गाणे करून बँडने थ्रॅशची चौकट आणखी सैल केली. त्यावर्षीच्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ दौऱ्यात स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्सच्या आधी मंचावर येणारा नवखा बँड होता सिएटलचा अ‍ॅलिस इन चेन्स. काही महिन्यांनी निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि अमेरिकेतल्या तरुणांचे कान सिएटलकडे वळले. जो बदल बुशच्या माथी मारला जातो तो असा ‘पर्सिस्टन्स’वर, बेलाडोनाच्याच आवाजात सुरू झाला होता.

१९९२ मध्ये बेलाडोनाला काढले गेले. नव्या, जड आणि गंभीर गाण्यांना त्याचा आवाज बसत नाही, असे इयन आणि बेनान्टे यांचे मत झाले होते. बदली गायक शोधायला त्यांना फार लांब जावे लागले नाही. लॉस एंजलिसच्या आर्मर्ड सेंट या बँडचा जॉन बुश त्यांच्या पिढीतला सर्वांत वाखाणलेला आणि सर्वांत कमी विकला गेलेला गायक होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मेटालिकाने त्याला गायक म्हणून बोलावले होते आणि त्याने आपल्या शाळासोबत्यांना सोडायला नकार दिला होता. आर्मर्ड सेंटचा गिटारवादक डेव्ह प्रिचर्ड १९९० मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याने रचून ठेवलेल्या कामाचा बराच भाग घेऊन १९९१ मध्ये ‘सिंबल ऑफ साल्व्हेशन’ हा अल्बम निघाला. तो चांगला असूनही बँड सावरला नाही, आणि बुश मोकळा झाला.

‘सिंबल ऑफ साल्व्हेशन’चा निर्माता डेव्ह जर्डन हाच ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’चाही निर्माता. अ‍ॅलिस इन चेन्सचे ‘फेसलिफ्ट’ आणि ‘डर्ट’ हे अल्बमही त्याचेच. या नावावरून टीकाकारांनी निष्कर्ष काढला की अँथ्रॅक्सने सिएटलची नक्कल केली. अल्बम नीट ऐकला तर हा आरोप अर्धाच टिकतो. गिटारांचा आवाज जाड आणि कोरडा आहे, ड्रम्सना मोठ्या दालनासारखी खोली आहे, लय बरीचशी मध्यम आहे, आणि हे सगळे त्या काळाचे आहे यात शंका नाही. पण ‘बर्स्ट’सारखे गाणे सुरू झाले की बेनान्टेचे पाय पूर्वीच्याच वेगाने धावतात आणि इयनचा उजवा हात पूर्वीच्याच चपळाईने तारा दाबून तोडतो. नवे आहे ते गाण्याच्या वरच्या मजल्यावर. बेलाडोना रिफच्या, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या, वर तरंगत गायचा, बुश रिफच्या आत उतरून गातो. त्याचा आवाज मध्यसप्तकातला, खरखरीत, ब्लूजच्या अंगाने जाणारा. शब्द चावून, थोडा मागे रेंगाळून टाकण्याची त्याची लकब आहे. ‘ओन्ली’ या गाण्यात धृपद येते तेव्हा हाच खरखरीत आवाज एकदम मोकळा होतो, आणि गाणे ओरडण्यापासून गाण्याकडे वळते. मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डने हे गाणे निर्दोष असल्याचा अभिप्राय दिला होता, असे स्कॉट इयनने सांगितले आहे.

अल्बममधले सर्वांत धाडसी गाणे ‘ब्लॅक लॉज’. नाव डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’ या दूरचित्रवाणी मालिकेतून घेतलेले. त्या मालिकेचे संगीतकार अँजेलो बादालामेंती यांनाच बँडने या गाण्यासाठी सोबत घेतले. थ्रॅश बँडचे गाणे आणि त्यात सुरुवातीला विकृती न केलेली, स्वच्छ, थेंबाथेंबाने पडणारी गिटार, मागे दबलेले स्वर आणि जवळजवळ कुजबुजणारा गायक. गिटारांची भिंत नंतर येते, पण तिचा जोरही आवरलेला राहतो. हे गाणे बेलाडोनाच्या उंच, कंपयुक्त सुरात कल्पून पाहिले की गायक बदलण्यामागचे कारण समजते. गायक म्हणून बेलाडोना कमी नव्हता. बँड ज्या वाटेने निघाला होता ती वाट त्याच्या गळ्याची नव्हती.

चाहत्यांच्या युक्तिवादातला सर्वांत भक्कम भाग यापुढचा आहे. अँथ्रॅक्सचे संगीत मुख्यतः चार्ली बेनान्टे रचतो. ड्रमवादक असूनही गिटार हातात घेऊन बहुतेक रिफ तोच बसवतो. बेलाडोनाच्या काळात शब्द प्रामुख्याने स्कॉट इयन लिहीत असे आणि गायक ते गात असे. १९९२ मध्ये यातला एकही रचनाकार बदलला नाही. उलट बुश स्वतः गीते लिहू लागला, म्हणजे लिहिणाऱ्या हातांत एकाची भर पडली. ‘हा खरा अँथ्रॅक्स नव्हे’ असे म्हणणाऱ्याला मग सांगावे लागते की खरा अँथ्रॅक्स म्हणजे नक्की कोण. रचना करणारे दोघे की गाणारा एक? पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक अल्बमवर असलेले वादक दोनच, इयन आणि बेनान्टे, आणि बुशच्या चारही अल्बमांवर ते आहेत.

पुढची वाट मात्र बिकट निघाली, आणि तिचा दोष संगीतावर टाकणे हा खरा अन्याय आहे. बँडला इलेक्ट्राकडे आणणारे प्रमुख बॉब क्रास्नो १९९४ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि सिल्व्हिया रोन यांच्याकडे सूत्रे गेली. नव्या कारभारात आपल्याला कोणी वाली उरला नाही, ही बँडची जाहीर तक्रार होती. जानेवारी १९९५ मध्ये एमटीव्हीने अमेरिकेतला ‘हेडबँगर्स बॉल’ हा कार्यक्रम बंद केला. मेटलचे व्हिडिओ देशभर दाखवणारी ती मुख्य खिडकी होती. त्याच सुमारास डॅन स्पिट्झही बँड सोडून गेला. त्याने पुढे स्वित्झर्लंडला जाऊन घड्याळे बनवण्याचे शिक्षण घेतले आणि त्या कलेत नाव कमावले.

ऑक्टोबर १९९५ मध्ये आलेला ‘स्टॉम्प ४४२’ अशा अवस्थेत तयार झाला. निर्माते फिलाडेल्फियाचे ‘बुचर ब्रदर्स’, मुखपृष्ठ पिंक फ्लॉइडच्या मुखपृष्ठांमुळे जगप्रसिद्ध झालेल्या स्टॉर्म थॉर्गर्सन यांचे: भंगार धातूचा प्रचंड गोळा आणि त्याच्यासमोर एक नग्न माणूस. कायमचा मुख्य गिटारवादक नसल्याने सोलो वाटून घेतले गेले. स्पिट्झची वाद्ये सांभाळणारा पॉल क्रुक पुढे आला, आणि ‘किंग साइझ’ व ‘रायडिंग शॉटगन’ या गाण्यांत टेक्ससच्या पँटेराचा डाइमबॅग डॅरेल वाजवून गेला. बिलबोर्डवर अल्बम ४७ व्या क्रमांकापर्यंतच पोचला आणि लवकरच इलेक्ट्राशी असलेला संबंध संपला.

‘स्टॉम्प’ची बाजू घेणारे चाहते त्याला बँडचा सर्वांत जड अल्बम म्हणतात. ‘फ्युएल्ड’ आणि ‘रँडम अ‍ॅक्ट्स ऑफ सेन्सलेस व्हायलन्स’ ऐकताना त्यांचे म्हणणे पटते. शेवटचे ‘बेअर’ हे संथ गाणे तर बुशच्या गळ्याची पुरी रेंज दाखवते. पण मधली काही गाणी एकाच लयीत, एकाच रागाने जातात आणि कोणते गाणे संपले, कोणते सुरू झाले हे लक्षात राहत नाही. हा दोष मान्य केल्याने पाठराखण दुबळी होत नाही, अधिक विश्वासाची होते.

जुलै १९९८ मधला ‘व्हॉल्यूम ८: द थ्रेट इज रिअल’ इग्निशन या छोट्या कंपनीने काढला. ती कंपनी काही काळातच बुडाली आणि अल्बम दुकानांतून दिसेनासा झाला. यादीत त्याची उडी ११८ पर्यंतच गेली. त्यात कंट्री संगीताच्या वळणाचे ‘टोस्ट टू द एक्स्ट्राज’ आहे, मिनिटभरही न टिकणारे हार्डकोर तुकडे आहेत, आणि ‘इनसाइड आउट’सारखे खणखणीत गाणेही आहे. अल्बम विस्कळीत आहे. पण जो अल्बम विकत घ्यायलाच मिळत नव्हता त्याला लोकांनी नाकारले असे म्हणता येत नाही.

याच काळात दोन गायकांचा प्रश्न एका गाण्यात येऊन भेटला. १९९९ च्या ‘रिटर्न ऑफ द किलर एज’ या संकलनासाठी बँडने टेम्प्टेशन्स या गटाचे ‘बॉल ऑफ कन्फ्यूजन’ घेतले आणि ते बेलाडोना व बुश या दोघांकडून गाऊन घेतले. मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला यातली गंमत लगेच कळेल. बालगंधर्व १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून गेले तेव्हा रसिकांत तट पडले होते. पुढे गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांच्या चाहत्यांची चढाओढ ऐन भरात असताना ८ जुलै १९२१ ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एका रंगमंचावर आले, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला नावे ठेवली त्यांना दोघांनाही ऐकावे लागले. अँथ्रॅक्सलाही दोन्ही गायकांना घेऊन दौरा करायचा होता. बेलाडोनाने ऐनवेळी माघार घेतली आणि तो योग हुकला. तो जुळून आला असता तर पुढचे अर्धे भांडण मिटले असते.

रॉब कॅजियानो हा नवा गिटारवादक २००१ मध्ये आला आणि मे २००३ मध्ये ‘वुई हॅव कम फॉर यू ऑल’ निघाला. द हूचा रॉजर डॉल्ट्री आणि डाइमबॅग डॅरेल पाहुणे, मुखपृष्ठ कॉमिक-चित्रकार अ‍ॅलेक्स रॉस यांचे. ‘व्हाट डझन्ट डाय’ आणि ‘सेफ होम’ ही गाणी असलेला हा अल्बम बुशच्या चारही अल्बमांत सर्वांत समतोल आहे. जुना वेग आणि नवे गाणेपण यांची सांगड त्यात नीट बसली आहे. पुढच्या वर्षी ‘द ग्रेटर ऑफ टू ईव्हल्स’मध्ये बुशने टर्बिन आणि बेलाडोना यांच्या काळातली गाणी नव्याने गायली. कोणती गाणी घ्यायची हे चाहत्यांच्या मतांनी ठरले होते. ‘बुशला जुने झेपत नाही’ या आरोपाला याहून थेट उत्तर असू शकत नाही.

तरी एप्रिल २००५ मध्ये ‘अमंग द लिव्हिंग’च्या संचाचे पुनर्मीलन जाहीर झाले. बेलाडोना आणि स्पिट्झ परतले, बुश बाजूला झाला. ही केवळ अँथ्रॅक्सची कथा नाही. नव्वदच्या दशकात मोटली क्रूने व्हिन्स नीलऐवजी जॉन कोराबी घेतला, आयर्न मेडनने ब्रूस डिकिन्सनच्या जागी ब्लेझ बेली, तर जुडास प्रीस्टने रॉब हॅलफर्डच्या जागी ओहायोचा टिम ‘रिपर’ ओवेन्स. १९९७ ते २००५ या आठ वर्षांत चारही बँडांनी जुने गायक परत आणले. मोठ्या मैदानांतले कार्यक्रम आणि जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्या विकायच्या तर कथा सरळ असावी लागते: सुवर्णकाळ, विरह, पुनर्मीलन. या कथेत मधल्या गायकाचे काम फक्त विरहाचे. त्याने गायलेले चांगले अल्बम कथेच्या आड येतात, म्हणून ते हळूहळू मागे सारले जातात. मोटली क्रूचा कोराबीसोबतचा १९९४ चा अल्बमही बिलबोर्डवर सातव्याच क्रमांकावर गेला होता आणि त्याचीही बाजू घेणारे श्रोते असेच हट्टाने टिकून आहेत.

अँथ्रॅक्सचे पुनर्मीलन २००७ च्या सुरुवातीला मोडले. डॅन नेल्सन हा नवा गायक आला आणि २००९ च्या उन्हाळ्यात गेला. तेव्हा ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या नेबवर्थ इथल्या सोनिस्फिअर महोत्सवासाठी बँडने बुशलाच हाक मारली. त्याने ती ऐकली. त्या कार्यक्रमाने त्याच्या चाहत्यांच्या आशा पालवल्या, पण कायमचे परतायला तो तयार झाला नाही. २०१० मध्ये बेलाडोना पुन्हा आला, आणि या वेळी राहिला. त्याच्या आवाजातले ‘वर्शिप म्युझिक’ (२०११) आणि ‘फॉर ऑल किंग्ज’ (२०१६) हे अल्बम चांगले आहेत. बुशची बाजू घेण्यासाठी ते नाकारायची गरज नाही. दोन्ही गायकांवर प्रेम करणारे श्रोते पुष्कळ आहेत, आणि वाद त्यांनीच शहाणपणाने चालवला आहे.

२२ जून २०१० ला बल्गेरियातल्या सोफिया शहरात ‘बिग फोर’चे चारही बँड एका मंचावर आले. अमेरिकेसह अनेक देशांतल्या चित्रपटगृहांत तो कार्यक्रम दाखवला गेला आणि पुढे त्याचा डीव्हीडी संच निघाला. अँथ्रॅक्सने त्या दिवशी वाजवलेल्या थोडक्या गाण्यांत ‘व्हाइट नॉइज’मधले ‘ओन्ली’ होते, आणि ते बेलाडोनाने गायले.